गाडीचा विमा: स्वस्त कोटेशन आणि स्वस्त विमा यांतला फरक

सांजवारा

नमस्कार मंडळी,

माझ्या गाडीच्या विम्याची मुदत पुढच्या महिन्यात संपते आहे. या वेळी शेवटच्या दिवसापर्यंत थांबायचं नाही असं ठरवलंय, म्हणून आत्ताच हा धागा काढते.

दोन वर्षांपूर्वी मी सहा कंपन्यांची कोटेशनं काढली होती आणि सगळ्यांत खालचा आकडा उचलला होता. आधीच्या हप्त्यापेक्षा जवळजवळ पाव हिस्सा कमी, त्यामुळे समाधानात होते. काही महिन्यांनी पार्किंगमधून निघताना गाडी खांबाला घासली. मागचं दार आणि बंपर गेला. क्लेम केला तेव्हा गॅरेजच्या बिलातून आधी डिडक्टिबल, म्हणजे प्रत्येक क्लेममध्ये आपण स्वतः सोसायची ठरलेली रक्कम, वजा झालं. ती रक्कम मी फॉर्म भरताना पाहिलीसुद्धा नव्हती, कारण संकेतस्थळाने तिथे मोठा आकडा आधीच निवडून ठेवला होता. मग बंपरवरचा घसारा, म्हणजे भाग जुना झाल्याबद्दलची कपात, वजा झाला. आणि ज्या गॅरेजमध्ये मी गाडी नेहमी नेते ते त्या कंपनीच्या कॅशलेस यादीत नव्हतं, म्हणजे सगळं बिल आधी मीच भरायचं होतं. शेवटी हातात आलं ते बिलाच्या निम्म्याहून कमी.

कंपनीने फसवलं असं मी म्हणणार नाही. सगळं पॉलिसीत लिहिलेलं होतं. मी सहा किमतींची तुलना केली होती, सहा विम्यांची नाही.

म्हणून या वेळी उलटा क्रम लावला आहे. आधी मला काय हवंय ते एका कागदावर लिहिलं: गाडीची विमा रक्कम किती धरायची, डिडक्टिबल किती, घसारा कापला जाणारा विमा की न कापणारा, गाडी कोण कोण चालवणार, पाणी भरून इंजिन गेलं तर काय, रस्त्यात बंद पडली तर टोइंग मिळतं का. हा कागद समोर ठेवून प्रत्येक कंपनीला तंतोतंत तेच विचारायचं. ज्या कोटेशनमध्ये यातली एकही गोष्ट वेगळी असेल ते बाजूला ठेवायचं, आकडा कितीही मोहात पाडणारा असला तरी.

पाच कोटेशनं आली आहेत. एकाच गाडीला आणि एकाच संरक्षणाला सगळ्यांत खालच्या आणि वरच्या आकड्यात दीडपटीचा फरक आहे! इतका फरक का पडतो, आणि माझ्या यादीत काय राहून गेलंय, हे जाणकारांनी सांगावं.

मोजपट्टी

धागा उत्तम. फरक का पडतो त्याबद्दल: प्रत्येक कंपनीकडे स्वतःच्या जुन्या दाव्यांचा हिशोब असतो आणि त्यावरून ती अंदाज बांधते. एखाद्या कंपनीला तुमच्या मॉडेलच्या गाड्यांवर गेल्या काही वर्षांत जास्त दावे भरावे लागले असतील, तर तिच्या लेखी तुमची गाडी महाग. दुसरीला तुमच्यासारखे ग्राहक वाढवायचे असतील, तर ती दर खाली आणते. चालकाचं वय, राहण्याची जागा, वर्षाला किती किलोमीटर, गाडी रात्री कुठे उभी असते, आधीचे दावे, या सगळ्यांना प्रत्येक जण वेगळं वजन देतो. म्हणून मित्राला स्वस्त पडलेली कंपनी तुम्हाला स्वस्त पडेलच असं नाही, आणि मागच्या वर्षी स्वस्त असलेली या वर्षी असेलच असंही नाही.

डिडक्टिबलचा हिशोब मात्र घरी बसून करता येतो. समजा २० डिडक्टिबलला हप्ता १०० आहे. तुम्ही डिडक्टिबल ६० केलं आणि हप्ता ९० वर आला. वर्षाला १० वाचले, पण अपघात झाला तर खिशातून ४० जास्त जाणार. म्हणजे सलग चार वर्षं क्लेम झाला नाही तर बरोबरी, त्यापुढे फायदा. दहा वर्षांत एखादाच क्लेम करणाऱ्याने जरूर वाढवावं. ज्याची गाडी रोज गर्दीतून जाते आणि घासत राहते त्याने वाढवू नये. आणि वाढवलंत तर ते ६० हाताशी हवेत. अपघाताच्या दिवशी ते उसने मागायची वेळ आली तर वर्षाला वाचलेल्या १० चा काय उपयोग?

पत्राकाम

मी बरीच वर्षं सर्व्हेअर म्हणून, म्हणजे क्लेम आलेल्या गाड्यांचं नुकसान तपासायचं, काम केलं. अपघातात चेपलेल्या गाड्या आणि त्यांच्या मालकांचे चेहरे दोन्ही जवळून पाहिले आहेत, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

ताईंच्या यादीतली पहिलीच ओळ सगळ्यांत महत्त्वाची आहे: विमा रक्कम. हप्ता खाली आणायचा सगळ्यांत सोपा आणि सगळ्यांत धोकादायक मार्ग म्हणजे गाडीची किंमत कमी दाखवणं. कोटेशनमध्ये तो आकडा कुठेतरी कोपऱ्यात असतो. दोन कंपन्यांत हप्त्याचा फरक दिसला की आधी तिथे बघा. गाडी चोरीला गेली किंवा पूर्ण नष्ट झाली तर मिळणारी रक्कम तीच असते, त्याहून जास्त नाही.

याची दुसरी बाजू फार जणांना माहीत नसते. भारतातल्या पॉलिसीत दुरुस्तीचा खर्च विमा रकमेच्या ७५ टक्क्यांहून पुढे गेला की गाडी टोटल लॉस, म्हणजे पूर्ण नष्ट झालेली, धरली जाते. रक्कम कमी ठेवली असेल तर ही रेषाही खाली येते. चांगली दुरुस्त होऊ शकणारी गाडी कागदोपत्री मोडीत निघते आणि मालकाच्या हाती जे येतं त्यात तशी दुसरी गाडी मिळत नाही. मी हे अनेकदा पाहिलं आहे. समोरचा माणूस म्हणतो, "अहो, पण गाडी तर ठीक होईल ना?" आणि आमच्याकडे उत्तर नसतं. उलट रक्कम बाजारभावापेक्षा खूप फुगवून ठेवण्यातही अर्थ नाही, त्यात हप्ता उगाच वाढतो.

दुसरं, पाण्याचं. तुंबलेल्या पाण्यात गाडी बंद पडली आणि मालकाने पुन्हा स्टार्टर मारला, तर पाणी सिलिंडरमध्ये खेचलं जातं. पाणी दाबलं जात नाही, त्यामुळे कनेक्टिंग रॉड वाकतो. साध्या पॉलिसीत हे नुकसान बहुतेक वेळा नाकारलं जातं, कारण ते पाण्यामुळे नाही तर गाडी पुन्हा सुरू केल्यामुळे झालं असं धरतात. इंजिनसाठी वेगळं ॲड-ऑन, म्हणजे जादा हप्ता भरून घ्यायचं संरक्षण, असतं. ते घ्या न घ्या, पण पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा सुरू करू नका. ढकलून बाहेर काढा आणि टो करून न्या.

तिसरं, ताईंच्या यादीत नाही ते: क्लेम कसा हाताळला जातो. हे कोटेशनमध्ये कुठेच दिसत नाही. त्यासाठी तुमच्या नेहमीच्या गॅरेजमध्ये जाऊन बिलं बनवणाऱ्या माणसाला विचारा, कुठल्या कंपनीकडून मंजुरी लवकर येते आणि कुठल्या कंपनीच्या गाड्या आठ-आठ दिवस पडून राहतात. तो रोज तेच बघत असतो.

दूरपल्ला

कामानिमित्त तीन देशांत गाडी बाळगली, त्यामुळे एका ठिकाणचं शहाणपण दुसरीकडे तसंच चालत नाही हे नीट कळलं.

फ्रान्समध्ये बोनसचा, म्हणजे विनाअपघात चालवल्याबद्दल हप्त्यात मिळणाऱ्या सवलतीचा, गुणक ठरलेला आहे आणि कंपनी बदलली तरी तो तुमच्यासोबत येतो. सुरुवात १ पासून. विनाअपघात वर्ष गेलं की ०.९५ ने गुणायचं, तुमच्या चुकीने अपघात झाला की १.२५ ने. खालची मर्यादा ०.५०, वरची ३.५०. एकपासून निम्म्यावर यायला तेरा वर्षं लागतात, त्यामुळे तिथे लोक हा आकडा जिवापाड जपतात.

जर्मनीत बहुतेक पॉलिसी वर्षअखेरीला संपतात आणि एक महिन्याची नोटीस लागते, म्हणून ३० नोव्हेंबर ही तारीख सगळ्यांच्या तोंडी असते. ती चुकली की साधारण पुढचं वर्ष त्याच कंपनीसोबत. हप्ता वाढवल्याचं पत्र आलं तर मात्र वेगळा हक्क मिळतो आणि तेव्हा बाहेर पडता येतं. तिथली मला आवडलेली गोष्ट म्हणजे मधला पर्याय: चोरी, आग, गारपीट, काच यांसाठी अर्धा विमा, आणि स्वतःच्या चुकीने झालेली टक्कर धरून पूर्ण विमा. गाडी जुनी झाली की लोक पूर्णवरून अर्ध्यावर येतात.

ब्रिटनमध्ये वर्षानुवर्षं अशी रीत होती की नव्या ग्राहकाला कमी दर आणि गपचूप रिन्यू करणाऱ्याला दरवर्षी थोडा थोडा जास्त. १ जानेवारी २०२२ पासून तिथल्या नियामकाने ते बंद केलं. त्याच कंपनीत नव्या माणसाला जो दर मिळेल त्याहून जास्त जुन्याला लावता येत नाही. पण दुसरी कंपनी त्याहून स्वस्त असू शकतेच, त्यामुळे चौकशी काही चुकत नाही. आणखी एक, तिथे 'संरक्षित' नो क्लेम बोनस विकत मिळतो. त्याने सवलतीची टक्केवारी टिकते, मूळ हप्ता वाढायचा थांबत नाही. हे समजून न घेता अनेक जण पैसे भरतात.

तुम्ही कुठेही असा, नोटिशीची तारीख आणि बोनसचा नियम हे दोन आधी शोधा. बाकी सगळं नंतर.

पहिलागिअर

मी नवीन चालक आहे, वय २२. माझ्या नावावर जिथे जिथे विचारलं तिथे हप्ता ऐकून धक्काच बसला. एका ओळखीच्यांनी सुचवलं की पॉलिसीत मुख्य चालक म्हणून बाबांना दाखव, गाडी तूच चालव. असं केलेलं चालतं का?

पत्राकाम

नाही, अजिबात करू नकोस. अपघातानंतर पहिला प्रश्न हाच असतो की गाडी कोण चालवत होतं. आणि दुसरा, ही गाडी रोज कोण वापरतं. मुख्य चालक कोण हे जिथे विचारलं जातं, तिथे खोटं उत्तर म्हणजे सरळ फसवणूक. कंपनी दावा नाकारू शकते, पॉलिसीच रद्द करू शकते. तशी रद्द झालेली पॉलिसी पुढच्या प्रत्येक प्रपोजल फॉर्मवर सांगावी लागते आणि मग नवा विमा मिळणंच अवघड होतं. समोरच्याला इजा झाली असेल तर ती भरपाई नंतर तुझ्याकडून, तुझ्या घरच्यांकडून वसूल होऊ शकते.

सरळ मार्ग आहेत. मुख्य चालक तूच राहा आणि बाबा खरंच अधूनमधून गाडी चालवत असतील तर त्यांचं नाव जोडीला घाल. अनुभवी माणूस जोडला की बऱ्याच ठिकाणी हप्ता उतरतो. गाडी लहान इंजिनची घे. गाडीवरचे बदल, मोठी चाकं वगैरे टाळ, केले असतील तर कळव. आणि तुमच्याकडे किलोमीटरवर किंवा चालवण्याच्या पद्धतीवर चालणारा विमा मिळत असेल तर तो बघ. त्यात मोबाइल ॲप किंवा छोटं यंत्र वेग, अचानक ब्रेक, रात्रीचं चालवणं नोंदवतं. जपून चालवणाऱ्या नवख्याला स्वतःला सिद्ध करायची ती चांगली संधी आहे.

पहिलागिअर

धन्यवाद काका. स्पष्ट सांगितलंत ते बरं झालं, मी जवळजवळ तयार झालो होतो.

चाफा

सगळे ऑनलाइन तुलनेबद्दल लिहितायत, म्हणून एक वेगळी बाजू. आमची गाडी चोरीला गेली तेव्हा एफआयआरपासून दोन्ही किल्ल्या जमा करण्यापर्यंत प्रत्येक कागद आमच्या एजंटने स्वतः फिरून पूर्ण केला. माझे यजमान तेव्हा आजारी होते. मला एकटीला ते झेपलं नसतं. ऑनलाइन थोडं स्वस्त मिळतं हे खरं, पण तो फरक मी आनंदाने देते.

मोजपट्टी

चाफाताई, पटलं. चांगला एजंट असेल तर तो धरून ठेवावा. फक्त त्यालाही सांजवारा यांच्यासारखा कागद द्यावा आणि तीन कंपन्यांचे दर मागावेत. एकाच कंपनीचा एजंट असेल तर तो दुसरीचे दर देणार नाही, ब्रोकर देऊ शकतो. आणि तुलना करणारी संकेतस्थळंही कमिशनवरच चालतात. सगळ्या कंपन्या त्यांवर नसतात. ब्रिटनमध्ये डायरेक्ट लाइनसारखी मोठी कंपनी कित्येक वर्षं अशा संकेतस्थळांपासून लांब राहिली होती. म्हणून दोन संकेतस्थळं बघावीत आणि एक-दोन कंपन्यांना थेट विचारावं.

आता लहान क्लेमचा विषय, कारण स्वस्त विम्याचा अर्धा खेळ तिथे आहे. भारतातला नो क्लेम बोनस घ्या. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या भागावर तो २०, २५, ३५, ४५ आणि ५० टक्के असा पाच वर्षांत चढतो. समजा तुम्ही ५० टक्क्यांवर आहात आणि मूळ हप्ता १०० आहे, म्हणजे तुम्ही ५० भरता. एक क्लेम केला की पुढच्या वर्षी १०० भरायचे, मग ८०, ७५, ६५, ५५, आणि सहाव्या वर्षी पुन्हा ५०. न केला असता तर दरवर्षी ५०. जास्तीचे किती गेले? ५० + ३० + २५ + १५ + ५ = १२५. गाडीची किंमत दरवर्षी उतरते, त्यामुळे प्रत्यक्षात थोडं कमी, पण अंदाज हाच. म्हणजे मूळ हप्त्याच्या सव्वापट आणि वर डिडक्टिबल, इतक्यापेक्षा कमी नुकसान असेल तर क्लेम करणं तोट्याचं. दारावरचा ओरखडा आणि चेपलेलं मडगार्ड बहुतेक वेळा यातच येतं. डेंटिंग-पेंटिंगचं बिल हातात घ्या, भागाकार करा, मग फोन लावा.

बोनस गाडीचा नसून मालकाचा असतो हेही विसरू नका. गाडी विकली तर पत्र घेऊन तो नव्या गाडीला लावता येतो. आणि मुदत संपून ९० दिवस उलटले तर तो जातो.

तसंच भारतात थर्ड पार्टीचा, म्हणजे समोरच्याच्या नुकसानीच्या विम्याचा, दर केंद्र सरकार ठरवतं, सगळ्या कंपन्यांना एकच. तेवढ्या भागात "आमच्याकडे स्वस्त" असं कोणी म्हणत असेल तर नीट चौकशी करा. तुलना करायची ती उरलेल्या भागाची.

सांजवारा

हा १२५ चा हिशोब वाचून मी माझा खांबाचा क्लेम पुन्हा मांडला. डिडक्टिबल, घसारा आणि गेलेला बोनस धरला तर तो क्लेम मी करायलाच नको होता. मनापासून आभार.

उंबरठा

"स्वस्त" या शब्दावर आणखी एक इशारा. माझ्या भावाने ओळखीतून आलेल्या एका माणसाकडून पॉलिसी घेतली, बाकी सगळ्यांपेक्षा खूपच कमी हप्त्यात. पीडीएफ आली, लोगो होता, नंबर होता. वर्षभर तो निर्धास्त होता. रिन्यूअलच्या वेळी कळलं की त्या नंबरची पॉलिसी अस्तित्वातच नाही. वर्षभरात काही घडलं नाही हे नशीब. कोणाला लागलं असतं तर घर विकायची पाळी आली असती, हे आठवलं की अजूनही पोटात गोळा येतो. पॉलिसी हाती आली की कंपनीच्या अधिकृत संकेतस्थळावर किंवा हेल्पलाइनवर नंबर टाकून त्याच दिवशी खात्री करा. आणि पैसे कंपनीच्या नावानेच भरा, माणसाच्या खात्यावर नको.

दूरपल्ला

+१. शिवाय हप्ता महिन्याला भरण्याची सोय देतात तिथे व्याज किती ते विचारा. वर्षाचा एकदम भरला तर बऱ्याच ठिकाणी बरंच कमी पडतं. आणि रिन्यूअलच्या तीन-चार आठवडे आधी कोटेशन काढा. शेवटच्या दिवशी काढलेलं अनेकदा महाग येतं, कारण घाईत असलेल्या ग्राहकाकडे कंपन्या जास्त जोखमीचा म्हणून बघतात.

सांजवारा

मंडळी, काम झालं. इथे लिहिते, पुढे कोणाला उपयोगी पडेल.

पाचपैकी दोन कोटेशनं पहिल्याच फेरीत गळली. एकात विमा रक्कम परस्पर कमी केलेली होती (पत्राकामकाका, तुम्ही सांगितलं नसतं तर मी तो कोपरा पाहिलाच नसता). दुसऱ्यात इंजिनचं ॲड-ऑन काढून टाकलेलं होतं. दोन्ही दुरुस्त करून मागितली तेव्हा सगळ्यांत स्वस्त असलेली कंपनी तिसऱ्या क्रमांकावर गेली.

मग गॅरेजमध्ये जाऊन विचारलं. उरलेल्या तिघींपैकी एकीचं नाव घेताच तिथल्या दादांनी मान हलवली आणि आवारात उभ्या असलेल्या दोन गाड्या दाखवल्या, मंजुरीसाठी थांबलेल्या. ती वगळली. राहिल्या दोन. माझ्या सध्याच्या कंपनीला फोन करून सांगितलं की इतरत्र मला हेच संरक्षण अमुक दरात मिळतंय. त्यांनी थोडं कमी केलं, पण तितकं नाही. शेवटी दुसऱ्या क्रमांकाच्या आकड्याची पॉलिसी घेतली. डिडक्टिबल थोडं वाढवलं आणि तेवढी रक्कम वेगळी काढून ठेवली. जुना बोनस लागला की नाही ते नव्या पॉलिसीवर वाचून घेतलं, आणि नंबर कंपनीच्या संकेतस्थळावर तपासला.

मागच्या वर्षीपेक्षा हप्ता बारा टक्के कमी पडला, आणि या वेळी घसारा न कापणारा विमा आहे.

पहिलागिअर

ताई, तुमचा तो कागद इथे टाकाल का? मी माझ्यासाठी तोच वापरेन.

सांजवारा

टाकते. काकांनी सांगितलेली गॅरेजची चौकशी आणि दूरपल्ला यांची नोटिशीची तारीख त्यात जोडते, मग उद्या संध्याकाळपर्यंत इथेच देते. तुझ्यासाठी एक ओळ वेगळी: "गाडी रोज कोण चालवतं?" तिथे स्वतःचंच नाव लिही.